धर्मग्राम कोणाचा?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या वसईकडे दोन विषयांची चर्चा सुरू होते. एक पावसाचा, दुसरा धर्मगुरूंच्या बदल्यांचा. आपले फादर कुठे चालले, त्यांच्या जागी कोण येणार, येणारे कसे आहेत, याविषयीचे अंदाज मिस्सा संपल्यानंतर चर्चच्या पायऱ्यांवर रंगू लागतात. मग एका रविवारी निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, चार भाषणे, पाणावलेले डोळे. थोड्याच दिवसांनी त्याच सभागृहात स्वागत समारंभ होतो. शाल तशीच, श्रीफळ तसेच, भाषणेही बहुतांशी तीच. फक्त नाव बदललेले असते. समारंभ आटोपतो, खुर्च्या उचलल्या जातात, दिवे मालवले जातात. धर्मगुरूनिवासात दोन ट्रंका आणि पुस्तकांचे खोके घेऊन एक माणूस एकटा उरतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याची परीक्षा घेऊ लागतो. आवाज कसा आहे, प्रवचन किती लांबते, पहिला चहा कोणाच्या घरी घेतला, आधीचे फादर असे करीत नसत, आणि बरेच काही.

याच सुमारास त्याच धर्मग्रामाच्या दुसऱ्या टोकाला, स्टेशनकडच्या एखाद्या नव्या इमारतीसमोर एक टेम्पो उभा राहतो. कपाट उतरते, गॅसची शेगडी उतरते, चादरीत गुंडाळलेला क्रूस उतरतो. या कुटुंबाचे स्वागत कोणी करीत नाही. पुढच्या रविवारी ही मंडळी चर्चमध्ये येतात, शेवटच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. आम्ही त्यांना 'बिल्डिंगवाले' म्हणतो. त्यात तुच्छता असतेच असे नाही, पण तो शब्द एक रेघ ओढतो. रेघेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते.

एकाला शाल मिळते, दुसऱ्याला बाकाचे टोक. तरी दोघांपुढचा प्रश्न एकच असतो. नवा माणूस 'आपला' केव्हा होतो? काळाने, इच्छेने, की आम्ही मान्यता दिली म्हणजे? आणि मान्यता देण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

या प्रश्नाचा विचार शब्दापासूनच सुरू करावा लागेल. 'पॅरिश' या शब्दासाठी आपण मराठीत 'धर्मग्राम' हा शब्द रूढ केला. शब्द सुंदर आहे. 'ग्राम' म्हटले की वेस आली, विहीर आली, पार आला, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी घरे आली. परंतु मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ याच्या जवळजवळ उलट आहे. 'पारोइकिया' म्हणजे परक्या ठिकाणचा मुक्काम. ज्याला त्या नगराचे नागरिकत्व नाही, जो इतरांच्या घरांशेजारी तात्पुरता राहतो, तो 'पारोइकोस'. संत पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांच्या पृथ्वीवरील आयुष्याला हाच शब्द लावलेला आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्तसभेने करिंथच्या ख्रिस्तसभेला जे पत्र लिहिले, जे संत क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते, त्याच्या आरंभीही रोममध्ये उपरेपणाने राहणारी मंडळी करिंथमध्ये उपरेपणाने राहणाऱ्या मंडळींना लिहीत आहेत. पुढे या ग्रीक शब्दाचे लॅटिन रूप झाले आणि त्यातूनच आजचा 'पॅरिश' आला. म्हणजे ज्या शब्दाच्या बळावर आम्ही दुसऱ्याला बाहेरचा ठरवतो, त्या शब्दाचा अर्थच 'बाहेरच्यांची वस्ती' असा आहे.

आमच्या मुलखाच्या इतिहासात या अर्थाला अगदी जवळचा शब्द आहे. मराठेशाहीतील गावांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग असत. एक मिरासदार; त्याची जमीन वंशपरंपरेने त्याची, गावच्या कारभारात त्याला मान, मिरास विकण्याचा त्याला हक्क. दुसरा उपरी, तो बाहेरून आलेला, जमीन कसणारा, परंतु वंशपरंपरेचा हक्क नसलेला. गाव दोघांच्या घामावर चाले, पण पारावरची बैठक मिरासदारांची. प्रामाणिकपणे पाहिले तर आमच्या धर्मग्रामांतही ही विभागणी अजून शिल्लक आहे. सणाचा मान कोणत्या आळीचा, पुढचा बाक कोणत्या घराण्याचा, धर्मग्राम परिषदेत कोणाचे नाव गृहीत धरायचे, यांविषयी कोणी लिहून ठेवलेले नसते. पण सर्वांना ते ठाऊक असते. फक्त नव्याने आलेल्याला ठाऊक नसते आणि त्याचे पहिले पाऊल तेथेच चुकते.

ख्रिस्तसभेचा कायदा याबाबत काय म्हणतो, हे पाहण्यासारखे आहे. कायदा रुक्ष असतो असा समज असतो. येथे मात्र तो आमच्या रूढींहून पुष्कळ उदार आहे. १९८३ च्या कायदासंहितेप्रमाणे कायम राहण्याच्या इराद्याने एखादी व्यक्ती धर्मग्रामाच्या हद्दीत राहू लागली की त्याच दिवशी ती तेथील रहिवासी होते. इरादा स्पष्ट नसेल, तर पूर्ण पाच वर्षांच्या वास्तव्याने होते. निदान तीन महिने राहण्याचा इरादा असेल, तरीही तिला तात्पुरत्या रहिवाशाचे स्थान मिळते आणि तेथील धर्मगुरू तिचा स्वतःचा धर्मगुरू ठरतो. इतकेच नव्हे, ज्याला कोठेच घर नाही अशा भटक्यालाही कायद्याने धर्मगुरूविना ठेवलेले नाही. तो आज जेथे आहे, तेथील धर्मगुरू त्याचा. आमच्या रूढीत तीन पिढ्या गेल्या तरी 'ते मूळचे इकडचे नव्हेत' हे वाक्य टिकून असते. कायद्यात एक दिवस पुरतो.

धर्मगुरूच्या बाबतीत तर कायदा आणखी पुढे जातो. धर्मग्रामाचा ताबा घेतल्यापासून प्रत्येक रविवारी आणि पाळावयाच्या सणांना आपल्याकडे सोपवलेल्या लोकांसाठी एक मिस्सा अर्पण करणे प्रमुख धर्मगुरूवर बंधनकारक आहे. या तरतुदीकडे आम्ही कधी लक्षपूर्वक पाहत नाही. आलेल्या फादरांना अजून कोणाचे नाव ठाऊक नसते, रस्ते ठाऊक नसतात, कोणते घर कोणाशी बोलत नाही हेही ठाऊक नसते. तरी पहिल्याच रविवारी ते आम्हां सर्वांना वेदीवर घेऊन उभे असतात. जगात सहसा आधी ओळख होते, मग जिव्हाळा, मग दुसऱ्यासाठी काही मागणे. येथे क्रम उलटा आहे. मागणे आधी, ओळख नंतर.

हे सारे आम्हांला पुस्तकांतून कळले असते तर कदाचित इतके लागले नसते. आम्हांला ते एका मरणाने शिकवले. धर्मग्रामाचे नाव येथे सांगत नाही. दोष आम्हां सर्वांचा आहे. चर्चपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका इमारतीत एक वयस्कर बाई मुलाकडे राहायला आल्या होत्या. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या. मराठी त्यांना येत नव्हते. रोज सकाळच्या मिस्सेला येत, उजवीकडच्या शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड बसत. तीन वर्षे हे चालले होते. आम्ही त्यांना पाहत होतो, म्हणजे खांब पाहावा तसे पाहत होतो. त्या वर्षी नवे फादर येऊन जेमतेम चार महिने झाले होते. एके दिवशी मिस्सा संपल्यावर त्यांनी घंटा वाजवणाऱ्या काकांना विचारले, "काका, खांबापाशी बसतात त्या मावशी हल्ली दिसत नाहीत. बऱ्या आहेत ना?" काकांना ठाऊक नव्हते. काकांनी दोघांना विचारले, त्यांनी आणखी चौघांना. त्यांचे नाव कोणालाच सांगता येईना. इमारतीत चौकशी केली तेव्हा कळले, त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते. मुलाने त्यांना गावी नेऊन माती दिली होती. चर्चमध्ये कळवले का नाही, असे त्याला पुढे विचारले तेव्हा तो अवघडून म्हणाला, "इथे आम्हांला कोण ओळखतं?"

त्या उत्तराला आमच्याकडे प्रत्युत्तर नव्हते. कायद्याने त्या पहिल्या दिवसापासून आमच्या होत्या. नव्या फादरांच्या आणि त्यांच्या आधीच्या फादरांच्याही प्रत्येक रविवारच्या त्या मिस्सेत त्या नाव नसताना सामावलेल्या होत्या. आमच्यात मात्र नव्हत्या. आणि त्यांची उणीव जाणवली कोणाला, तर जो स्वतः नवा होता त्याला. आम्ही गर्दीत ओळखीचे चेहरे शोधत होतो, म्हणून अनोळखी चेहरा आम्हांला दिसलाच नाही. त्यांना सारेच चेहरे अनोळखी होते, म्हणून त्यांनी सारे पाहिले.

यावर कोणी म्हणेल, हा निष्काळजीपणा झाला, यात तत्त्वाचा प्रश्न कोठे आहे? आमच्या मते आहे. निष्काळजीपणाही वाटून घेतलेला असतो; तो नेहमी एकाच बाजूच्या लोकांच्या वाट्याला येतो. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आरंभीच्या ख्रिस्तसभेतील पहिल्या मोठ्या तक्रारींपैकी एक नोंदलेली आहे आणि ती नेमकी हीच आहे. यरुशलेममध्ये ग्रीक बोलणाऱ्या यहुदी ख्रिस्ती लोकांची कुरकुर होती की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. कोणी त्यांना मुद्दाम उपाशी ठेवत होते असे तेथे म्हटलेले नाही. दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी काय केले? त्यांनी 'यापुढे काळजी घेऊ' असे आश्वासन देऊन वेळ मारून नेली नाही. मंडळीला सात माणसे निवडायला सांगितली, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. स्तेफन, फिलिप यांच्यापासून नीकलावापर्यंत. नीकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता. तो अंत्युखियाचा, यहुदी धर्म स्वीकारून आलेला. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटपाची किल्ली गेली. आमच्या धर्मग्राम परिषदांनी हा अध्याय वर्षातून एकदा तरी बैठकीपूर्वी वाचावा. नवख्यांना आम्ही फार तर स्नेहसंमेलनाचे आमंत्रण देतो. किल्ली देत नाही.

परंतु येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण जुन्या रहिवाशांची भीती निव्वळ कोतेपणाची नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता संपली आणि परदेशी धर्मगुरूही निघून गेले. त्यानंतरच्या अवघड काळात येथील श्रद्धा टिकवली ती देशी धर्मगुरूंनी आणि वाडीतील, कोळीवाड्यातील साध्या माणसांनी. क्रूसापुढे संध्याकाळची प्रार्थना म्हणणाऱ्या आजीबाईंनी. त्या माणसांच्या नातवंड-पतवंडांना चर्चविषयी ममत्व वाटत असेल, तर ते कमावलेले ममत्व आहे. शिवाय गेल्या काही दशकांत त्यांच्या डोळ्यांदेखत केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या गेल्या, विहिरी बुजल्या. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. जो माणूस आपल्याच गावात अल्पसंख्य झाला, त्याला चर्चचे आवार ही आपली म्हणावी अशी शेवटची जागा वाटते. तेथेही बाजूला सरा असे कोणी सांगितले की तो दुखावणारच.

भाषेचा वाद याच दुखण्यातून उद्भवतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना वेदीवर स्थान मिळाले. ही कृपाच होती. पण तिच्याबरोबर एक अडचणही आली. मिस्सा लॅटिनमध्ये होती तेव्हा ती भाषा कोणाचीच नव्हती. त्या एका बाबतीत सारेच सारखे उपरे होते. लोकभाषा आल्या आणि मिस्सा कोणाच्या तरी झाल्या. सातची मराठी, साडेआठची इंग्रजी. एकाच वेदीभोवतीची दोन गावे, जी फक्त वाहनतळावर एकमेकांना भेटतात. मराठी मिस्सा जपलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मात्र एक गोष्ट आम्ही विसरतो. सामवेदी घरात बोलली जाते ती प्रमाण मराठी नव्हे, वाडवळ घरातही नव्हे. वेदीपुढे आलेल्या आमच्या आजोबांनीही घरची बोली दाराबाहेर ठेवून एका सामायिक भाषेत उत्तरे द्यायला शिकून घेतले. म्हणजे उपासनेसाठी आपले थोडेसे बाजूला ठेवण्याची रीत आम्हांला अपरिचित नाही. तीच अपेक्षा नवख्याकडून जरूर करावी. पण आधी त्याला शिकवणारा कोणी शेजारी बसला पाहिजे.

नव्याने येणाऱ्याचेही कर्तव्य आहे आणि ते लहान नाही. या बाबतीत फादर थॉमस स्टीफन्स यांच्याइतके बोलके उदाहरण आमच्या भाषेत दुसरे नाही. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत येथेच राहिला. त्यातला बराच काळ साष्टीत. तो काळ सत्तेच्या दडपणाचा होता, हे विसरता येणार नाही. तरीही या माणसाने येथील बोली आणि ग्रंथांची मराठी आत्मसात केली. नवख्रिस्ती लोक आपल्या जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी मागत होते. ती मागणी त्याने ऐकली आणि ओवीतच उत्तर दिले. 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, म्हणजे त्याच्या आगमनानंतर ३७ वर्षांनी. पहिल्याच वर्षी गायनवृंद मोडून नवा उभारणाऱ्या आणि वेदीवरचे पुतळे हलवणाऱ्या उत्साही धर्मगुरूंनी हा आकडा मनात ठेवावा. स्टीफन्सना जशी ३७ वर्षे मिळाली तशी आजच्या धर्मगुरूंना मिळत नाहीत, हे खरे. पण निदान एक पावसाळा आणि एक सण नुसते पाहण्यात घालवावा.

मग जुन्या लोकांनी नवख्याचे काहीच ऐकू नये काय? संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत यावर नेमके बोट ठेवले आहे. मठात दुरून आलेला पाहुणा संन्यासी राहिला आणि त्याने नम्रतेने, प्रेमाने मठातील एखाद्या उणिवेकडे लक्ष वेधले, तर मठाधिपतीने त्याचा विचार करावा. कदाचित प्रभूने त्याला नेमके याच कामासाठी पाठवले असेल, असे ते सांगतात. ध्यानात घ्यावे की हेच बेनेडिक्ट आपल्या संन्याशांकडून एका जागी स्थिर राहण्याचे व्रत घेतात. स्थिरतेवर ज्याचा इतका भर, त्यालाच वाटसरूच्या नजरेचे मोल कळले होते. खांबाआडची मावशी दिसली ती अशाच नजरेला.

धर्मगुरूचे जीवन या दोन टोकांमध्ये ताणलेले असते. ख्रिस्तसभेचा कायदा म्हणतो की प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य हवे. त्याने लोकांना ओळखावे, घरी जावे, त्यांच्या चिंता आणि शोक वाटून घ्यावेत. गरीब, एकाकी आणि आपल्या देशापासून दुरावलेले लोक यांना विशेष काळजीने शोधावे, असेही त्याला बजावलेले आहे. आणि तोच कायदा बिशपांना आत्म्यांच्या हितासाठी त्याची बदली सुचवण्याचीही मुभा देतो. म्हणजे त्याने असे रुजावे की कायम राहणार आहे, आणि असे सैल राहावे की उद्या उठायचे आहे. हे केवळ धर्मगुरूचे वैशिष्ट्य आहे काय? आम्हांला वाटते, तो आम्हां सर्वांच्या वतीने ते जगून दाखवतो. योहानाच्या शुभवर्तमानात शब्द देह झाला आणि आपल्यामध्ये राहिला हे सांगताना जे ग्रीक क्रियापद येते, त्याच्या मुळाशी तंबू ठोकण्याचा अर्थ आहे. प्रभूनेही आमच्यात मिरास मागितली नाही. तंबू ठोकला.

शेवटी आरशात पाहावे. आज आमचीच मुले आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. तेथील चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसत असतील. फोनवर आम्ही विचारतो, चर्चला जातोस ना, तिथे कोणी ओळखीचे झाले का? तेव्हा आमची मनापासून इच्छा असते की तेथील कोण्या जुन्या रहिवाशाने, कोण्या मिरासदाराने, आमच्या मुलीला नाव विचारावे. ज्या वागणुकीची आम्ही परक्या देशाकडून अपेक्षा करतो, ती येथे द्यायला आम्हांला काय जड जाते?

आमच्या नोंदवह्यांत एक जुनी रीत आहे. स्नानसंस्कार ज्या धर्मग्रामात झाला, तेथील वहीत त्या माणसाचे नाव कायम राहते. तो पुढे कोठेही गेला, कोठेही त्याचा विवाह झाला, तरी ती वार्ता कळवली जाते आणि त्या पहिल्या नोंदीशेजारी लिहिली जाते. एका ठिकाणचा झाल्याने कोणी दुसऱ्या ठिकाणचा नाहीसा होत नाही. तामिळनाडूच्या कोण्या किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये त्या मावशींचे नाव अशाच एका वहीत असेल. आमच्याकडे ते नव्हते. नंतर फादरांनी त्यांच्या मुलाला बोलावून नाव विचारून घेतले आणि पुढच्या रविवारी मिस्सेत ते घेतले. उच्चार थोडा चुकला. मुलगा पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसला होता. मिस्सा संपल्यावर आम्ही त्याच्याभोवती उभे राहिलो. काय बोलावे ते कोणाला सुचत नव्हते. मग एका आजींनी त्याला विचारले, "बाळा, तू जेवतोस कुठे?"

हा प्रश्न तीन वर्षे उशिरा विचारला गेला. तरी यापुढे निदान कोणाच्या बाबतीत तो पहिल्या रविवारीच विचारला जावा.